तळटीप १७ : ‘कॅलिफोर्निया सन’

१७. ‘कॅलिफोर्निया सन’ : मँचेस्टरच्या ‘द स्मिथ्स’ बँडचा माजी गायक मॉरिसी याचा मे २०१९मधला अल्बम. बारा गाणी, सगळी इतरांची, १९६०-७०च्या दशकांतली. लेखकाने येथे ‘समीक्षकांनी झोडपले’ असे सरसकट म्हटले असले, तरी अभिप्राय संमिश्र होते. रॉय ऑर्बिसनच्या ‘इट्स ओव्हर’मधल्या आवाजाला काहींनी दादही दिली. खटकले ते बॉब डिलनचे ‘ओन्ली अ पॉन इन देअर गेम’. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मेडगर एव्हर्स यांची १९६३मध्ये मिसिसिपीत हत्या झाली. त्यावरचे हे गाणे मारेकऱ्यापेक्षा गरीब गोऱ्यांना वर्णद्वेषाची फूस लावणाऱ्या पुढाऱ्यांकडे बोट दाखवते. तेच गाणे निवडणारा मॉरिसी त्याच महिन्यात ‘फॉर ब्रिटन’ या इस्लामविरोधी पक्षाचा बिल्ला कोटावर लावून अमेरिकी टीव्हीवर गायला होता. कार्डिफमधल्या ‘स्पिलर्स’ या १८९४पासूनच्या दुकानाने त्याच्या रेकॉर्ड विकणे बंद केले. तरीही ब्रिटनच्या अल्बम-यादीत हा संग्रह चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. त्यामुळे ‘श्रोत्यांनीही पाठ फिरवली’ हे पुढचे विधान जपूनच घ्यावे. — संपा.