गिऱ्हाईक बदलले, पेठ राहिली

पुण्याच्या अनेक पेठांना वारांची नावे आहेत. गडाखालच्या पेठेला कधी गडाचे नाव मिळते. पवन मावळातली तिकोणा पेठ, कोराईगडाखालचे पेठ शहापूर आणि कर्जतच्या बाजूला कोथळीगडाच्या सुळक्याखाली वसलेले नुसतेच ‘पेठ’ ही एकाच कुळातली गावे. डोंगरात, मोठ्या गावांपासून इतक्या आडबाजूला पेठ बसलीच कशी, याचे उत्तर गावाच्या डोक्यावर उभे असते. गिऱ्हाईक वर राहत होते.

यांतली तिकोणा पेठ घेऊ. तिच्यावरचा तिकोणा ऊर्फ वितंडगड समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 फूट उंच आहे. पवना नदीच्या उत्तरेला लोहगड आणि विसापूर, दक्षिणेला तुंग आणि तिकोणा, अशी या खोऱ्यावर चौकडीची नजर होती. त्यातही तिकोण्याची जागा वाटेवरची. मुळशीच्या अंगाला असलेल्या कोळवण खोऱ्यातून हाडशी-जवणवरून येणारी वाट गडाखालून पवन मावळात उतरते. या बाजूच्या डोंगरांत बेडसे, भाजे, कार्ले ही लेणी आहेत. तिकोण्यावरही जुनी लेणी आहेत. कोकणातून घाट चढून आलेला माल या मुलखातून गडांपेक्षाही जुन्या काळापासून जात होता. वाट आधीची, गड नंतरचा आणि पेठ त्या दोघांच्या सोयीची.

गडावर शिबंदी म्हटली की हवालदार, सबनीस, कारखानीस आले, पहारेकरी आले आणि त्यांची पोटे आली. पाणी टाक्यांत मिळे. बाकी सगळे खालून चढवायचे: धान्य, मीठ, तेल, दोरखंड, लोखंड. गड चढताना वाटेत चुन्याचा घाणा लागतो. दगडात कोरलेली गोल चर आणि तीत फिरवायचे दगडी चाक, एवढाच त्याचा संसार. भाजलेला चुना आणि वाळू चरीत घालून, पाणी मारत चाक तासन् तास फिरवायचे, तेव्हा कुठे बुरूज बांधण्याजोगा चिकट माल तयार होई. सह्याद्रीच्या काळ्या कातळात चुना निघत नाही, म्हणजे तोही पायथ्यावरूनच आणायचा. पुढच्या पायऱ्या इतक्या उंच आणि खड्या आहेत की गुडघा छातीला लागतो. पाठीवर पोते घेऊन त्या चढणाऱ्यांचा विचार केला, की गडाचा खरा खर्च कोण उचलत होते ते कळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडकोटांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि साहुकारांवरही आहे. किल्ला आणि व्यापारी, दोघांना राज्याच्या एकाच हिशेबात धरणारी ती दृष्टी पेठेत प्रत्यक्ष वसलेली दिसते.

गडाशी नाते जोडले, की गडाचे वैरही पदरात पडते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिकोणा निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याच्याकडे गेला. 1657 मध्ये तो शिवाजी महाराजांनी घेतला. 1660 मध्ये या भागाची राखण ढमाले देशमुखांवर सोपवण्यात आली. 1665 मध्ये मोगलांचा सेनापती मिर्झाराजा जयसिंग पुरंदरला वेढा घालून बसला होता. त्याच वेळी त्याने दाऊदखान आणि कुतुबुद्दीनखान यांना मावळात धाडले. त्यांनी लोहगड, विसापूर, तिकोणा या गडांच्या पायथ्याची गावे जाळली, गुरे आणि माणसे धरून नेली. गड चढून घेणे अवघड असेल तर त्याला अन्न पुरवणारी गावे जाळायची, हा या मोहिमेचा सरळ हिशेब. जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. मोगलांना दिलेल्या 23 किल्ल्यांत तिकोणा होता. 1670 मध्ये तो परत स्वराज्यात आला. गड हस्तांतराचे कागद होतात. पेठेला मात्र प्रत्येक वेळी नव्याने घरे शाकारावी लागतात.

मार्च 1818 मध्ये कर्नल प्रॉथरच्या फौजेने लोहगड-विसापूर घेतले आणि आसपासचे गड पाठोपाठ इंग्रजांकडे गेले. शिबंदी उठली. पेठेचे जुने गिऱ्हाईक कायमचे गेले ते इथे. दुसरा धक्का लढाईविनाच बसला. 1830 मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता सुरू झाला, 1863 मध्ये रेल्वेने घाट ओलांडला, आणि व्यापार पवनेचे खोरे सोडून इंद्रायणीच्या खोऱ्यात गेला. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव ही नावे मोठी झाली. डोंगरातली पेठ दुकानापुरतीही उरली नाही.

तरीही गाव उठले नाही. ज्या बाजाराने नाव दिले, त्याने गाव तगवले नाही, तगवले भाताने. मावळातला शेतकरी उन्हाळ्यात शेण, पालापाचोळा, गवत पसरून राब भाजतो. पावसाच्या तोंडावर त्या भाजलेल्या मातीत भात पेरतो, रोप उभे राहिले की खाचरात चिखलणी करून लावतो. वरकस उतारावर नाचणी-वरई. पूर्वी आंबेमोहोर होता. पुढे वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात आंबेमोहोर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून ‘इंद्रायणी’ वाण तयार झाले, ते 1987 मध्ये प्रसारित झाले आणि साऱ्या मावळाची ओळख बनले. घरचे खाऊन उरलेला तांदूळ मोठ्या गावच्या बाजाराला जाई. एके काळी माल विकत घेणाऱ्यांची पेठ आता आपलाच माल घेऊन दुसऱ्याच्या बाजारात उभी राहू लागली.

मग खालची जमीनच पाण्याखाली गेली. पवना धरण 1972 मध्ये पूर्ण झाले. साठा साधारण साडेआठ टीएमसी. खोऱ्यातली गावे आणि उत्तम भातखाचरे जलाशयात बुडाली, आणि विस्थापितांच्या जमिनीचा प्रश्न पिढ्यांवर लांबला. पाणी नदीतून रावेतपर्यंत जाते आणि तिथून पिंपरी-चिंचवडला. ते बंद जलवाहिनीतून थेट नेण्याला मावळच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. 9 ऑगस्ट 2011 रोजी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ झालेल्या पोलीस गोळीबारात तीन आंदोलकांचा जीव गेला. डोंगरापलीकडच्या मुळशीत सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली 1921 मध्ये पेटलेल्या धरणविरोधी सत्याग्रहाचा प्रश्नही हाच होता: पाणी कुणाचे, आणि त्याची किंमत कुणी मोजायची?

पवनेच्या त्याच पाण्याने पेठेला नवे गिऱ्हाईक आणले. गडावरून दिसणारा जलाशय पाहायला शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची गर्दी होते. चपेटदान मारुतीला हात जोडून, तळजाईच्या गुहेत दम खाऊन, वरच्या महादेवाचे दर्शन घेऊन माणसे खाली येतात ती भुकेलेली. पिठलं, भाकरी, ठेचा, चहा, गाडी लावायची जागा, काठावर तंबू, असा बाजार पुन्हा भरला आहे. माल आजही खालीच तयार होतो, फरक एवढाच की गिऱ्हाईक आता स्वतः उतरून घेते.

या भरभराटीत एक धोका आहे. शिबंदीला धान्य हवे होते, खाचर नको होते. आजच्या गिऱ्हाइकाला भाकरीबरोबर बंगल्याचा प्लॉटही हवा असतो. गिऱ्हाईक आले आणि गेले, हे पेठेने 1818 मध्ये पाहिले आहे. तेव्हा परतायला शेत होते. पर्यटन उद्या दुसऱ्या तलावाकडे वळले, तर त्या दिवशी गावाचे भवितव्य सातबाऱ्यावर कुणाचे नाव आहे यावर ठरेल.