बॉब हॉटन : खालच्या स्तरावरील खेळाडू ते राष्ट्रीय प्रशिक्षक – एक ऐतिहासिक मूल्यमापन

प्रस्तावना :

क्रीडेचा इतिहास हा बहुतांशी विजेत्या खेळाडूंचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ज्यांनी मैदान गाजवले, गोल केले, चषक उंचावले त्यांची नावे लोकस्मृतीत राहतात. परंतु खेळाची पद्धती एका देशातून दुसऱ्या देशात नेणारे, ती तेथील मातीत रुजविणारे प्रशिक्षक मात्र इतिहासाच्या पानांवर क्वचितच दिसतात. विशेषतः ज्यांची स्वतःची खेळाडू म्हणून कारकीर्द सामान्य राहिली, अशा प्रशिक्षकांची उपेक्षा अधिक झाली आहे. इंग्लंडमधील बॉब हॉटन हे अशा प्रशिक्षकांपैकी एक होत. खेळाडू म्हणून त्यांना इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वरच्या स्तरावर स्थान मिळवता आले नाही. तथापि स्वीडन, कॅनडा, चीन, उझबेकिस्तान आणि भारत अशा देशांत त्यांनी प्रशिक्षक म्हणून काम केले. २००६ ते २०११ या काळात ते भारतीय राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. त्यामुळे त्यांच्या कारकिर्दीचा अभ्यास भारतीय क्रीडा इतिहासाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) खेळाडू म्हणून मर्यादित यश मिळालेल्या व्यक्तीला प्रशिक्षक म्हणून यश कोणत्या परिस्थितीत मिळाले, याचा शोध घेणे.
२) हॉटन यांच्या पद्धतीचा स्वीडनमधील फुटबॉलवर झालेला परिणाम तपासणे.
३) त्यांच्या भारतातील कार्याचे यश आणि मर्यादा यांचे मूल्यमापन करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

इंग्लंडमध्ये १८८८ साली फुटबॉल लीगची स्थापना झाली. पुढे या लीगचे चार विभाग झाले आणि त्यांत ९२ क्लब खेळू लागले. त्याखाली सदर्न लीगसारख्या निम-व्यावसायिक स्पर्धा होत्या. या विस्तृत रचनेच्या खालच्या थरात खेळणाऱ्या खेळाडूंना उत्पन्न बेताचे आणि प्रतिष्ठा त्याहून कमी होती. उलट युरोपातील अन्य देशांत इंग्लंडमधून आलेला माणूस म्हणजे खेळाचा जाणकार, अशी समजूत होती. या विषमतेतून एक वैशिष्ट्यपूर्ण परंपरा निर्माण झाली. घरी ज्यांना फारसे कोणी विचारत नव्हते, ते परदेशी जाऊन गुरू झाले.

१८८२ साली लँकेशायरमधील नेल्सन येथे जन्मलेले जिमी होगन हे या परंपरेचे आद्य उदाहरण होय. त्यांनी ऑस्ट्रियात ह्यूगो माइस्ल यांच्यासोबत आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडापेस्टमधील एम.टी.के. क्लबमध्ये काम केले. २५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्ब्ली येथे हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला, तेव्हा हंगेरीच्या फुटबॉल पदाधिकाऱ्यांनी आपल्या यशाचे श्रेय होगन यांच्या शिकवणुकीस दिले. दुसरे उदाहरण जॉर्ज रेनर यांचे. रॉदरहॅम, बरी, ऑल्डरशॉट अशा क्लबांकडून खेळलेले रेनर १९४६ साली स्वीडनला गेले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली स्वीडनने १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविले, १९५० च्या विश्वचषकात तिसरा क्रमांक पटकावला आणि १९५८ च्या विश्वचषकात अंतिम फेरी गाठली. इतके होऊनही मायदेशी परतल्यावर त्यांना स्केग्नेस टाउनसारख्या लहानशा क्लबचे काम पत्करावे लागले. हॉटन यांची कारकीर्द याच परंपरेच्या संदर्भात पाहिली पाहिजे.

जडणघडण :

बॉब हॉटन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९४७ रोजी झाला. फुलहॅम आणि ब्रायटन या क्लबांशी त्यांचा खेळाडू म्हणून संबंध आला. पण वरच्या स्तरावर ते स्थिरावले नाहीत. पुढे ते सदर्न लीगमधील हेस्टिंग्ज युनायटेड आणि मेडस्टोन युनायटेड या क्लबांत गेले. वयाच्या पंचविशीच्या आतबाहेर, म्हणजे ज्या वयात इतर खेळाडू उमेदीत असतात त्या वयात, ते प्रशिक्षणाकडे वळले होते. क्रॉयडनमधील शाळेत त्यांच्याबरोबर शिकलेले रॉय हॉजसन मेडस्टोन येथे त्यांचे सहकारी होते. हेच हॉजसन पुढे २०१२ ते २०१६ या काळात इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले.

या दोघांच्या वैचारिक घडणीत इंग्लिश फुटबॉल असोसिएशनचे प्रशिक्षण संचालक अ‍ॅलन वेड यांचा वाटा मोठा होता. खेळ हा केवळ उपजत कौशल्याचा विषय नसून तो तत्त्वांत मांडता येतो, टप्प्याटप्प्याने शिकवता येतो, ही वेड यांची भूमिका होती. हा विचार खालच्या स्तरावरील खेळाडूस विशेष जवळचा वाटणे स्वाभाविक होते. ज्याच्या पायात जादू नाही, त्याला खेळ समजून घेऊनच खेळावा लागतो. प्रशिक्षकाची भूमिका बजावताना हीच समज हॉटन यांच्या कामी आली, असे म्हणता येईल.

माल्मो आणि नवी पद्धती :

१९७४ साली वयाच्या २६ व्या वर्षी हॉटन यांची स्वीडनमधील माल्मो एफ.एफ. या क्लबच्या प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. संघातील काही खेळाडू त्यांच्यापेक्षा वयाने मोठे होते. त्या वेळी स्वीडनमधील संघ पश्चिम जर्मनीच्या प्रभावाखाली होते. प्रत्येक बचावपटूने प्रतिस्पर्धी संघाच्या एका ठरावीक खेळाडूचा पाठलाग करावा आणि सर्वांच्या मागे एक मोकळा बचावपटू ठेवावा, अशी रीत होती. हॉटन यांनी ती मोडली. त्यांनी चार बचावपटू एका ओळीत उभे केले. प्रत्येकाने माणसाऐवजी क्षेत्राची जबाबदारी घ्यावी, ओळ वर सरकवून प्रतिस्पर्ध्यास ऑफसाइडमध्ये अडकवावे, चेंडू गमावताच संपूर्ण संघाने मिळून दाब आणावा आणि चेंडू मिळताच तो वेगाने पुढे न्यावा, ही त्या पद्धतीची मुख्य सूत्रे होती. यासाठी सरावात त्याच त्या हालचाली पुन्हा पुन्हा घोटून घेतल्या जात.

परिणाम लवकरच दिसून आला. माल्मोने १९७४, १९७५ आणि १९७७ साली स्वीडनचे लीग विजेतेपद मिळविले. १९७६ साली हॉटन यांच्या शिफारशीने हॉजसन हाल्मस्टाड येथे आले आणि त्याच वर्षी तो संघही विजेता ठरला. १९७८-७९ च्या युरोपियन चषक स्पर्धेत माल्मोने मोनॅको, डायनॅमो कीव्ह, विस्वा क्राकोव्ह आणि ऑस्ट्रिया व्हिएन्ना या संघांना बाजूला सारून अंतिम फेरी गाठली. ३० मे १९७९ रोजी म्युनिक येथे झालेल्या अंतिम सामन्यात ब्रायन क्लफ यांच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टने ट्रेव्हर फ्रान्सिसच्या एकमेव गोलाच्या बळावर माल्मोचा पराभव केला. बो लार्सनसारखा प्रमुख खेळाडू दुखापतीमुळे माल्मोला उपलब्ध नव्हता. एका बाजूस दहा लाख पौंडांना विकत घेतलेला खेळाडू आणि दुसऱ्या बाजूस प्रामुख्याने स्थानिक खेळाडूंचा संघ, अशी ही लढत होती. युरोपियन चषकाची अंतिम फेरी गाठणारा माल्मो हा आजही स्वीडनमधील एकमेव क्लब आहे.

स्वीडनमधील वाद :

हॉटन आणि हॉजसन यांच्या यशाबरोबरच स्वीडनमध्ये तीव्र वादही उभा राहिला. ही पद्धती खेळाडूला यंत्र बनविते, वैयक्तिक प्रतिभेला वाव देत नाही आणि राष्ट्रीय शैलीचा नाश करते, असा आक्षेप घेण्यात आला. हा वाद केवळ डावपेचांचा नव्हता. खेळातील सौंदर्य कशात असते, परकीय ज्ञान कितपत स्वीकारावे, असे सांस्कृतिक प्रश्न त्यात गुंतले होते.

या आक्षेपात तथ्य नव्हते असे नाही. माल्मोचा खेळ अनेकदा नीरस वाटे. पण त्याच पद्धतीने मर्यादित साधने असलेल्या संघाला बलाढ्य संघांसमोर उभे राहण्याची ताकद दिली, हेही नाकारता येत नाही. स्वेन-गोरान एरिकसन यांनी हीच सूत्रे स्वीकारून आय.एफ.के. गोटेबोर्गला १९८२ साली युएफा चषक जिंकून दिला. स्वीडिश समाजशास्त्रज्ञ टोमास पीटरसन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या मिश्र शैलीचा अभ्यास केला आणि स्वीडिश व इंग्लिश या दोन शब्दांच्या जोडणीतून बनलेले ‘स्वेंगेल्स्का’ हे विशेषण ग्रंथाच्या शीर्षकातच वापरले. परकीय म्हणून हिणवलेली गोष्ट अशा रीतीने स्थानिक परंपरेचा भाग झाली.

मायदेशातील अपयश आणि पुढील भ्रमंती :

१९८० साली हॉटन इंग्लंडमधील ब्रिस्टल सिटी या क्लबचे व्यवस्थापक झाले. हा क्लब नुकताच पहिल्या विभागातून खाली आला होता आणि आर्थिक अडचणीत होता. १९८१ साली तो तिसऱ्या विभागात घसरला. जानेवारी १९८२ मध्ये हॉटन यांनी पद सोडले. त्यानंतर लवकरच क्लब दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला. अशा स्थितीत केवळ प्रशिक्षकाला दोष देणे इतिहासदृष्ट्या न्याय्य ठरणार नाही. मात्र या अपयशामुळे रेनर यांच्याप्रमाणेच हॉटन यांनाही मायदेशात मानाचे स्थान मिळाले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

त्यानंतर कॅनडातील टोरांटो ब्लिझार्ड हा संघ त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९८३ आणि १९८४ साली उत्तर अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत पोहोचला. दोन्ही वेळा त्यास उपविजेतेपदावर समाधान मानावे लागले. १९९६ साली अमेरिकेत मेजर लीग सॉकर सुरू झाली तेव्हा कोलोरॅडो रॅपिड्सचे ते पहिले प्रशिक्षक होते. पुढे त्यांनी चीनच्या राष्ट्रीय संघाची धुरा सांभाळली. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत चीनने कांस्यपदक मिळविले. उझबेकिस्तानमधील कार्यकाळानंतर ते भारतात आले.

भारतातील कार्य (२००६-२०११) :

हॉटन भारतात आले तेव्हा राष्ट्रीय संघाची अवस्था समाधानकारक नव्हती. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांतील सुवर्णपदके ही जुन्या पिढीची आठवण झाली होती. १९८४ नंतर भारत आशिया चषकाच्या अंतिम टप्प्यात खेळला नव्हता. हॉटन यांनी दीर्घ सराव शिबिरे आणि परदेश दौरे यांवर भर दिला. ऑगस्ट २००७ मध्ये दिल्लीतील आंबेडकर स्टेडियमवर भारताने सीरियाचा १-० असा पराभव करून नेहरू चषक जिंकला. निर्णायक गोल एन. पी. प्रदीप यांनी केला. १३ ऑगस्ट २००८ रोजी ए.एफ.सी. चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात भारताने ताजिकिस्तानला ४-१ असे नमविले. सुनील छेत्री यांनी तीन आणि बायचुंग भुतिया यांनी एक गोल केला. या विजयामुळे २०११ च्या आशिया चषकात भारताला प्रवेश मिळाला. २००९ साली नेहरू चषकाच्या अंतिम सामन्यात सीरियालाच पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून भारताने विजेतेपद राखले. त्यात गोलरक्षक सुब्रत पाल यांची कामगिरी निर्णायक ठरली.

गोवा आणि महाराष्ट्र यांचा या संघाशी निकटचा संबंध होता. गोव्याचे क्लायमॅक्स लॉरेन्स व महेश गवळी आणि मुंबईचे स्टीव्हन डायस यांनी हॉटन यांच्या संघात महत्त्वाची जबाबदारी सांभाळली. आय-लीगच्या पहिल्या चारही स्पर्धा डेम्पो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर या गोव्यातील क्लबांनीच जिंकल्या होत्या. उलट मुंबईचा महिंद्र युनायटेड हा २००५-०६ चा राष्ट्रीय विजेता क्लब २०१० साली बंद करण्यात आला. राष्ट्रीय संघ आशिया चषकाची तयारी करीत असतानाच देशातील एक प्रमुख क्लब नाहीसा व्हावा, ही विसंगती लक्षणीय आहे.

जानेवारी २०११ मध्ये दोहा येथे झालेल्या आशिया चषकात भारताने ऑस्ट्रेलियाकडून ०-४, बहरीनकडून २-५ आणि दक्षिण कोरियाकडून १-४ असा पराभव पत्करला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये हॉटन यांनी पद सोडले आणि गोव्याचे अर्मांदो कुलासो यांच्याकडे काही काळ संघाची सूत्रे आली.

मूल्यमापन :

हॉटन यांच्यावर भारतात मुख्यतः दोन आक्षेप घेतले गेले. एक म्हणजे त्यांचा खेळ लांब चेंडूंवर अवलंबून होता. दुसरा म्हणजे दीर्घ शिबिरांमुळे क्लबांना आपले खेळाडू दीर्घकाळ मुकावे लागले आणि त्याच त्या ज्येष्ठ खेळाडूंवर विसंबून राहिल्याने नवी पिढी पुढे आली नाही. स्वीडनमध्ये घेतलेल्या आक्षेपांशी पहिल्याचे साम्य उघड आहे. दुसरा आक्षेप मात्र भारतीय परिस्थितीतून निर्माण झालेला आहे.

माल्मो येथे हॉटन यांना रोज तेच खेळाडू मिळत होते. क्लबची स्वतःची युवा शाखा होती आणि शहराचा तिला आधार होता. राष्ट्रीय प्रशिक्षकाला असे दैनंदिन सान्निध्य लाभत नाही. क्लब जे शिकवितात त्यावरच त्याला इमारत उभारावी लागते. भारतात तो पाया कच्चा असल्याने हॉटन यांनी शिबिराचेच क्लबमध्ये रूपांतर करण्याचा प्रयत्न केला. त्यातून तात्कालिक विजय मिळाले, पण संस्था उभी राहिली नाही. स्वीडनमध्ये त्यांचा विचार इतर प्रशिक्षकांनी उचलला, त्यावर वाद घातला आणि तो पुढे नेला. भारतात त्यांचा विचार त्यांच्याबरोबरच परत गेला. २०१५ च्या आशिया चषकास भारत पात्र ठरू शकला नाही, यातून हेच सूचित होते.

निष्कर्ष :

१) खेळाडू म्हणून सामान्य कारकीर्द ही प्रशिक्षक होण्यातील अडचण ठरत नाही, खेळ तत्त्वरूपाने समजून घेण्याची सवय त्यातूनच लागू शकते.
२) इंग्लंडमधील खालच्या स्तरावरील खेळाडूंनी परदेशातील फुटबॉलच्या विकासात मोलाची भर घातली, मायदेशात मात्र त्यांची दखल उशिरा घेतली गेली.
३) प्रशिक्षणाची पद्धती एका देशातून दुसऱ्या देशात नेता येते, पण ती रुजण्यासाठी क्लब, युवा शाखा आणि स्थानिक प्रशिक्षकांचा वर्ग आवश्यक असतो.
४) हॉटन यांनी भारताला २७ वर्षांनी आशिया चषकात नेले, हे त्यांचे निर्विवाद कार्य आहे. त्या कार्याला सातत्य न लाभण्याची जबाबदारी मात्र एकट्या प्रशिक्षकावर टाकता येणार नाही. बाहेरून आलेला गुरू मार्ग दाखवू शकतो. त्या मार्गावर चालत राहण्याची व्यवस्था शिकणाऱ्यानेच उभारावी लागते, हा या इतिहासाचा बोध होय.