खंड्याची पालखी

आपल्याकडे कुत्र्या-मांजरांजवळ बसायला कोणी पैसे मोजीत नाही. स्टँडवरच्या हॉटेलात चहा घ्यायला बसावं, तर दोन्ही आपोआप पायाशी येतात आणि मालक त्यांना हाकलतो. पूर्वेकडच्या काही देशांत मात्र नेमका याचाच धंदा उभा राहिला आहे. कॅफे म्हणजे आपलं चहाचं हॉटेलच. पण तिथे पैसे घेतात ते मांजराच्या सोबतीचे, आणि तेही घड्याळ लावून. तैवानात तैपेई शहरी १९९८ साली असे पहिले दुकान निघाले. तिथे गेलेल्या जपानी प्रवाशांना ते इतके आवडले की २००४ साली ओसाकालाही एक सुरू झाले. कारण साधे आहे. जपानी शहरांतल्या पुष्कळ भाड्याच्या घरांत जनावर पाळायला मनाई असते. दिवसभर राबून आलेला एकटा माणूस तासभर मांजराशेजारी बसतो आणि घरी जातो. यात हसण्यासारखे काही नाही.

पण पुढे मांजरांवर भागेना. ससे आले, घुबडेही आली. टोकियोत अशा एका घुबडांच्या कॅफेत मी प्रवासात गेलो होतो. घुबडे ओळीने बसवलेली, प्रत्येकाच्या पायात आखूड चामडी वादी, वर दिव्यांचा लखलखाट. वेळ दुपारची, म्हणजे या पक्ष्याच्या झोपेची. लोक एका बोटाने त्यांची डोकी कुरवाळीत होते, फोटो काढीत होते. मीही कुरवाळले, पीस फार मऊ लागते. आम्हाला त्याची सोबत मिळाली. त्याला आमच्याकडून काय मिळाले?

हा देण्याघेण्याचा हिशेब साताऱ्याच्या एका राजाने पावणेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या परीने केला होता. ते म्हणजे थोरले शाहू महाराज. १६८९ साली रायगड पडला तेव्हा सात वर्षांचे हे पोर मोगलांच्या हाती सापडले आणि औरंगजेब मरेपर्यंत, म्हणजे १७०७ पर्यंत, त्यांच्या छावणीत वाढले. पुढे साताऱ्यास राज्याभिषेक झाला. स्वभाव शांत, शिकारीचा आणि कुत्र्यांचा मोठा षोक. वाघाच्या शिकारीत त्यांच्या एका कुत्र्याने त्यांचा जीव वाचवला. लोक त्याला खंड्या म्हणतात. महाराजांनी या कुत्र्याला सनद करून जहागीर दिली आणि पालखीचा मान दिला.

ही काही केवळ पारावरची गोष्ट नव्हे. १८१८ नंतर साताऱ्यास इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास लिहिला. तो १८२६ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात हा कुत्रा आहे. पालखीचा सरंजाम खरोखर चालू ठेवला होता, असेही तो सांगतो. त्याने आणखी एक प्रसंग दिला आहे. दोन मराठे सरदार भेटीला यायचे होते. महाराजांनी कुत्र्याला जरीचे वस्त्र, जडजवाहीर घातले आणि स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली. डफच्या मते हा बुद्धिभ्रंश, आणि सनद ही त्यातलीच एक लहर. आपल्याकडे मात्र हा प्रसंग निराळा सांगतात: दागिन्यांनी मढून दरबारात मिरवणाऱ्या सरदाराची खोड मोडायला महाराजांनी ते केले. आता खरे काय? उतारवयात महाराजांची प्रकृती ढासळली होती हे कबूल. पण सनदेला मी लहर म्हणणार नाही. धन्यासाठी जिवावर उदार होणाऱ्याला इनाम द्यावे, ही तर मराठी दौलतीची रीतच. महाराजांनी तीच रीत कुत्र्याला लावली, इतकेच. साहेबाला कुत्रा दिसला, रीत दिसली नाही.

आता थोडे दक्षिणेला, बत्तीस शिराळ्याला येऊ. आज ते सांगली जिल्ह्यात आहे. १९४९ साली दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. इथल्या नागपंचमीला जिवंत नागांची पूजा होई. गोरखनाथांनी मातीच्या नागाऐवजी जिवंत नाग पूजायला दिला, अशी श्रद्धा. सणाआधी काही दिवस नाग धरायचे, मडक्यात ठेवायचे, घरोघरी ओवाळायचे, मिरवायचे आणि मग जिथून आणले तिथे सोडायचे. परदेशचे पाहुणेसुद्धा कॅमेरे घेऊन येत. आमच्याकडे तिकीट नव्हते, पण गर्दी त्या कॅफेपेक्षा थोडी नव्हती!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग धरणे गुन्हा ठरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि २०१४ पासून जिवंत नागांची मिरवणूक थांबली. शिराळकरांना ते फार लागले. आमच्या पिढ्यांनी नागाला मारले नाही, पूजले. आम्हीच गुन्हेगार कसे, असे ते विचारीत. २०२५ साली केंद्र सरकारने अभ्यास आणि शिक्षणापुरती मर्यादित परवानगी दिली. शिराळकरांची माया खोटी होती असे मी म्हणणार नाही. सापाला पाहताच काठी उगारणाऱ्या गावांपेक्षा ते गाव कितीतरी पुढचे. परंतु माया आपली होती आणि मडक्यातले दिवस नागाचे होते, हेही तितकेच खरे. हा वाद आपल्याच नशिबी आला असे मात्र नाही. दक्षिण कोरियाने डिसेंबर २०२३ पासून रानटी जनावरांचे नवे कॅफे काढायला बंदी केली आणि जुन्यांना डिसेंबर २०२७ पर्यंत मुदत दिली. तिथल्या दुकानदारांचेही म्हणणे हेच, की आम्ही त्यांना जीव लावतो.

१५ डिसेंबर १७४९ रोजी शाहू महाराज साताऱ्यास वारले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर माहुलीला त्यांचे दहन झाले. शिक्षकांनी मुलांची सहल त्या बाजूला नेली, तर देवळांची कोरीव कामे पाहून झाल्यावर गावकऱ्यांना खंड्याची समाधी विचारावी. कोणीही दाखवील.