सातारा जिल्ह्यातील तिरंदाजी

सातारा जिल्ह्यातील तिरंदाजी ही महाराष्ट्राच्या हौशी क्रीडाक्षेत्रात गेल्या दशकभरात ठळकपणे पुढे आलेली घडामोड होय. प्रवीण जाधव, अदिती स्वामी आणि पार्थ साळुंखे हे जागतिक स्पर्धांत पदके मिळवणारे तिरंदाज या एकाच जिल्ह्यातील आहेत. २०२३ च्या जुलै व ऑगस्ट या दोन महिन्यांत जिल्ह्यातील खेळाडूंनी तीन वैयक्तिक जागतिक विजेतेपदे मिळवली. क्रिकेट, कुस्ती किंवा कबड्डी यांच्या तुलनेत या खेळाला प्रेक्षक थोडे, मैदाने थोडी आणि खर्च मात्र मोठा आहे. अशा अल्पसंख्य खेळाची राष्ट्रीय पातळीवरील आखणी कशी होते आणि ती कोठे तोकडी पडते, हे समजण्यास साताऱ्याचे उदाहरण उपयोगी पडते.

खेळाचे प्रकार आणि साधनांचा प्रश्न

भारतात स्पर्धात्मक तिरंदाजीचे तीन प्रकार खेळले जातात. ‘इंडियन राउंड’ हा पहिला. यात बांबूचे किंवा लाकडी साधे धनुष्य वापरतात. त्याला नेम साधण्याचे उपकरण नसते व अंतरही कमी असते. शालेय स्पर्धांतील बहुतेक मुले येथूनच सुरुवात करतात. दुसरा प्रकार ‘रिकर्व्ह’. ऑलिंपिकमध्ये आजवर चालत आलेला हा प्रकार असून यात ७० मीटरवरील १२२ सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यफलकावर बाण मारायचा असतो. तिसरा ‘कंपाउंड’. या धनुष्याच्या दोन्ही टोकांना चाके असतात. पूर्ण ताण दिल्यावर हातावरचा भार बराच हलका होतो, नेमासाठी भिंग वापरता येते आणि दोरी बोटांनी न सोडता खटक्याने सोडली जाते. अंतर ५० मीटर, फलक ८० सेंटिमीटरचा. सामन्यात प्रत्येकी १५ बाण, म्हणजे कमाल १५० गुण. जागतिक स्तरावर १४७ गुण मिळवूनही अंतिम सामना हरता येतो, यावरून या प्रकारातील अचूकता लक्षात यावी.

साधनांच्या दृष्टीने पहिल्या प्रकाराकडून तिसऱ्याकडे जाणे ही पायरी नसून उडी आहे. बांबूचे धनुष्य शाळेला परवडते. स्पर्धेच्या दर्जाचे कंपाउंड धनुष्य बाण व इतर साहित्यासह लाखांच्या घरात जाते आणि ते बहुधा परदेशी बनावटीचे असते. शिवाय ते खेळाडूच्या हाताच्या लांबीप्रमाणे व ताकदीप्रमाणे जुळवून घ्यावे लागते. मूल वाढते तसे साहित्यही बदलते.

शेजारच्या सांगली जिल्ह्याशी येथे तुलना करता येते. सांगलीचा संकेत सरगर याने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत वेटलिफ्टिंगच्या ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. सुवर्ण अवघ्या एका किलोने हुकले. पानपट्टी व चहाची टपरी चालवणाऱ्या घरातील हा मुलगा. त्याची बहीण काजोल हिनेही त्याच वर्षी पंचकुला येथील खेलो इंडिया युवा स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले. वेटलिफ्टिंगही अल्पसंख्य खेळच, परंतु व्यायामशाळेतील एकाच लोखंडी दांड्यावर एका संध्याकाळी दहा मुले सराव करू शकतात. धनुष्याचे तसे नाही. एक धनुष्य म्हणजे एक खेळाडू. क्रीडा खात्याच्या योजना सर्व खेळांसाठी एकाच साच्यात आखल्या जातात तेव्हा हा फरक हमखास नजरेआड होतो.

सरडे ते टोकियो

फलटण तालुक्यातील सरडे हे प्रवीण जाधव याचे गाव. आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषदेच्या शाळेतील शिक्षकाने त्याला प्रथम धावण्याच्या शर्यतींकडे वळवले. पुढे त्याची निवड राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली. तेथे राहण्याजेवणाची व शिक्षणाची सोय झाली आणि शेवटी अमरावती येथे तो तिरंदाजीत स्थिरावला. नंतर तो सैन्यात दाखल झाला व पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटशी जोडला गेला.

जून २०१९ मध्ये नेदरलँड्समध्ये झालेल्या जागतिक स्पर्धेत तरुणदीप राय, अतनु दास आणि प्रवीण जाधव यांच्या भारतीय संघाने रिकर्व्ह सांघिक रौप्यपदक जिंकले व टोकियो ऑलिंपिकमधील पुरुषांच्या तिन्ही जागा निश्चित केल्या. टोकियोत पात्रता फेरीत प्रवीण ६५६ गुणांसह ३१ वा आला. भारतीय पुरुषांत ही सर्वोत्तम कामगिरी होती. वैयक्तिक सामन्यांत त्याने जागतिक क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर असलेल्या गाल्सान बझारझापोव्ह याला ६-० असे हरवले. पुढच्या फेरीत अमेरिकेच्या ब्रॅडी एलिसनकडून तो तितक्याच गुणांनी पराभूत झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्येही तो भारतीय संघात होता.

शाळा, प्रबोधिनी, सैन्यदल अशा सरकारी साखळीतून पूर्णपणे घडलेला खेळाडू म्हणून त्याचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मात्र साखळीची पहिली कडी, म्हणजे मुलातील गुण ओळखणारा शिक्षक, कोणत्याही योजनेत लिहिलेली नव्हती.

उसाच्या शेतालगतचे मैदान

कंपाउंड प्रकाराची वाटचाल वेगळी झाली. पोलीस दलात नोकरी करणारे प्रशिक्षक प्रवीण सावंत यांनी साताऱ्यात उसाच्या फडांनी वेढलेल्या जागेत ‘दृष्टी आर्चरी अकॅडमी’ चालवली. अदिती स्वामी ही येथेच शिकली. तिचे मूळ गाव शेरेवाडी. मुलीच्या सरावासाठी कुटुंब साताऱ्यात राहावयास आले. शिक्षक असलेल्या वडिलांनी साहित्यासाठी कर्ज काढले.

जुलै २०२३ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक येथे जागतिक युवा स्पर्धा झाली. अदितीने तेथे १८ वर्षांखालील कंपाउंड गटाचे विजेतेपद मिळवले. त्याच स्पर्धेत साताऱ्याच्याच पार्थ साळुंखे याने २१ वर्षांखालील रिकर्व्ह गटात कोरियाच्या खेळाडूला अंतिम सामन्यात हरवून सुवर्णपदक पटकावले. रिकर्व्हमध्ये युवा जागतिक विजेता ठरलेला तो पहिला भारतीय पुरुष. महिनाभराने बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती यांच्या संघाने मेक्सिकोला २३५-२२९ असे नमवले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील भारताचे हे पहिलेच सुवर्ण होते. दुसऱ्या दिवशी, ५ ऑगस्ट रोजी, अदितीने मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिला १४९-१४७ असे हरवून वयाच्या १७ व्या वर्षी वैयक्तिक विजेतेपदही मिळवले. त्याच दिवशी पुरुषांचे विजेतेपद १५० पैकी १५० गुणांसह ओजस देवतळे याने जिंकले. ओजस मूळचा नागपूरचा, परंतु सरावासाठी साताऱ्यात आलेला. दोघांनाही २०२३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला.

नागपूरसारख्या मोठ्या शहरातील खेळाडूला साताऱ्यास यावेसे वाटले, हे जिल्ह्याला भूषणावह आहे. तरीही एका व्यक्तीच्या चिकाटीवर उभी राहिलेली अकॅडमी म्हणजे व्यवस्था नव्हे. प्रशिक्षकाची बदली झाली, जागा गेली किंवा कर्जाचा बोजा एखाद्या घराला झेपला नाही, तर असे केंद्र थांबू शकते.

राष्ट्रीय संघटना आणि तिची पडझड

भारतीय तिरंदाजी संघटनेची स्थापना १९७३ मध्ये झाली. जिल्हा संघटना, राज्य संघटना व राष्ट्रीय संघटना अशी तिची उतरंड आहे. खेळाडूची निवड जिल्ह्यातून वर सरकते, तर मान्यता आणि पैसा वरून खाली येतो. २०१२ मध्ये पदाधिकाऱ्यांचे वय व कार्यकाळ यांविषयीच्या नियमांचे पालन न केल्याने केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने संघटनेची मान्यता काढून घेतली. पुढे प्रकरण न्यायालयात गेले, प्रशासक म्हणून माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरैशी यांची नियुक्ती झाली, आणि तरीही जून २०१९ मध्ये दोन गटांनी दिल्ली व चंडीगड येथे वेगवेगळ्या निवडणुका घेतल्या. जाधव व सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये रौप्यपदक जिंकले ते याच आठवड्यात.

परिणाम खेळाडूंनी भोगला. जागतिक संघटनेने ऑगस्ट २०१९ मध्ये भारताला निलंबित केले. नोव्हेंबरात बँकॉक येथील आशियाई स्पर्धेत भारतीय तिरंदाजांना तिरंग्याऐवजी जागतिक संघटनेच्या ध्वजाखाली उतरावे लागले. डिसेंबरात नेपाळमधील दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताचा तिरंदाजी संघ नव्हता; तेथील दहाही सुवर्णपदके बांगलादेशाने नेली. जानेवारी २०२० मध्ये नव्याने निवडणूक होऊन अर्जुन मुंडा अध्यक्ष झाल्यानंतर निलंबन सशर्त उठले.

संघटनेतील भांडणाला सामान्य वाचक राजकारण म्हणून सोडून देतो. परंतु तिरंदाजाची उमेद चारपाच वर्षांतच फळाला येते. सहा महिन्यांचे निलंबन हा त्यातला मोठा हिस्सा असतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यात क्रीडा मंडळ व स्वतंत्र लवाद यांची तरतूद आहे ती अशाच तंट्यांसाठी.

कंपाउंड आणि ऑलिंपिक

सरकारी मदतीचे प्रमुख माप ऑलिंपिक पदक हे राहिले आहे. कंपाउंड प्रकार २०१४ पासून आशियाई क्रीडास्पर्धांत आहे. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत या प्रकारातील पाचही सुवर्णपदके भारताने जिंकली. त्यांतील महिलांच्या सांघिक सुवर्णात अदिती होती आणि वैयक्तिक कांस्यही तिने मिळवले. उलट ऑलिंपिकमधील रिकर्व्ह प्रकारात १९८८ पासून सहभागी होऊनही भारताला पदक मिळालेले नाही. पॅरिसमध्ये मिश्र जोडीने मिळवलेले चौथे स्थान ही सर्वांत जवळची मजल. म्हणजे ज्या प्रकारात देश जगात अव्वल, तो ऑलिंपिकबाहेर, आणि जो ऑलिंपिकमध्ये आहे त्यात यश हुलकावणी देत राहिले. मर्यादित पैसा कोणत्या धनुष्यावर खर्च करावा, हा राष्ट्रीय आखणीतील पेच यातून निर्माण झाला.

एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी (२०२८) कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला मंजुरी मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात दिल्लीत रिकर्व्ह व कंपाउंड खेळाडूंना एकाच संघात खेळवणारी आर्चरी प्रीमियर लीगही भरली. मिश्र प्रकारात देशागणिक एकच जोडी उतरते. त्यामुळे साताऱ्यासह देशभरातील कंपाउंड तिरंदाजांपैकी केवळ एक पुरुष आणि एक स्त्री यांनाच तेथे जागा आहे.