बॉबी मूर : बचावफळीचा संघनायक

फुटबॉलच्या सामन्याचा वृत्तांत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो, तेव्हा गोल कोणी केला आणि कितव्या मिनिटास केला, हे त्यात हटकून असते. जो गोल झालाच नाही, त्याची नोंद मात्र कोठेही सापडत नाही. प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू घेऊन निघाला, त्याच्या मनातील बेत कोणी एकाने आधीच ओळखला आणि पाऊलभर पुढे सरून चेंडू काढून घेतला. एवढ्यावर ती हकीकत संपते. बचावफळीतील खेळाडूचे आयुष्य अशा न घडलेल्या गोष्टींत खर्ची पडते. लोकांच्या तोंडी त्याचे नाव येते ते बहुधा तो चुकतो तेव्हा. इंग्लंडचा संघनायक बॉबी मूर याची कारकीर्द या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. यश तर तिच्यात उदंड आहेच. परंतु खेळ हेच ज्याच्या पोटापाण्याचे साधन, त्याला त्या यशासाठी काय मोजावे लागते, याचा हिशेबही तिच्यात आहे.

मूरचा जन्म १२ एप्रिल १९४१ रोजी लंडनच्या पूर्वेस बार्किंग येथे झाला. जर्मन विमानांचा लंडनवर बाँबवर्षाव चालू होता, ते हे वर्ष. हा सारा प्रदेश गोद्या आणि कारखाने यांतील कष्टकऱ्यांचा. जहाजे बांधणाऱ्या एका कारखान्यातील कामगारांनी १८९५ साली जो फुटबॉल संघ काढला, त्यातूनच पुढे वेस्ट हॅम युनायटेड हा क्लब उभा राहिला. मूर कोवळ्या वयातच या क्लबात दाखल झाला. तेथे माल्कम ॲलिसन नावाचा एक ज्येष्ठ बचावपटू नवशिक्या मुलांना आपलेपणाने शिकवीत असे. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच तो कोणाकडे द्यावयाचा हे मनाशी ठरवून ठेव, हा धडा मूरने त्याच्याकडूनच घेतला.

पुढे ॲलिसनला क्षयाची बाधा झाली आणि त्याचे एक फुप्फुस काढावे लागले. तरीही मैदानात परतण्याची त्याची जिद्द सुटली नव्हती. ८ सप्टेंबर १९५८ रोजी मँचेस्टर युनायटेडशी सामना होता आणि संघात एकच जागा मोकळी होती. ती गुरूला द्यावी की शिष्याला, असा प्रश्न पडला, आणि व्यवस्थापकांनी सतरा वर्षांच्या मूरची निवड केली. वेस्ट हॅमने सामना ३-२ असा जिंकला. ॲलिसनला मात्र वेस्ट हॅमच्या पहिल्या संघातून लीगचा सामना पुन्हा कधीच खेळावयास मिळाला नाही. व्यावसायिक खेळात एकाचा उदय हा पुष्कळदा दुसऱ्याचा अस्त असतो, हे मूरला पहिल्याच दिवशी कळले असले पाहिजे.

निसर्गाने मूरला बचावपटूची हत्यारे बेताचीच दिली होती. तो वेगाने धावणारा नव्हता. उंचावरून येणारा चेंडू डोक्याने परतविण्यातही तो सामान्यच होता. ही उणीव त्याने नजरेने आणि विचाराने भरून काढली. चेंडू कोठे जाणार हे त्याला इतरांआधी दिसे, म्हणून त्याला धावावे लागत नसे. अंगावर धावून जाऊन प्रतिस्पर्ध्याला लोळविण्यापेक्षा योग्य क्षणी पाय घालून चेंडू अलगद काढून घेणे त्याला रुचे. आणि चेंडू मिळाला की तो भिरकावून न देता आपल्या गड्याकडे नेमका पोचवावा, असा त्याचा कटाक्ष असे. बचाव म्हणजे नुसते थोपविणे नव्हे. पुढील चढाईचा आरंभ तेथूनच होतो, ही दृष्टी त्याच्या खेळात होती.

१९६२ च्या मे महिन्यात लिमा येथे पेरूविरुद्ध तो इंग्लंडकडून प्रथम खेळला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ब्रातिस्लाव्हा येथे झेकोस्लोव्हाकियाविरुद्ध त्याने इंग्लंडचे नेतृत्व केले. १९६४ साली वेस्ट हॅमने त्याच्या नायकत्वाखाली एफ. ए. कप जिंकला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच्या वृषणात कर्करोग असल्याचे आढळले. शस्त्रक्रिया झाली, पण दुखण्याचे नाव लोकांना सांगितले गेले नाही. त्या काळी या रोगाचे नाव घेण्याचीही लोकांना धास्ती वाटे. काही महिन्यांतच तो मैदानात परतला, आणि १९ मे १९६५ रोजी वेम्बली येथे म्यूनिकच्या संघाचा २-० असा पराभव करून वेस्ट हॅमने युरोपातील कपविजेत्यांचा चषक पटकावला. टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल, की हा तरुण नुकताच मृत्यूच्या दारातून परत आला आहे.

येथे त्या व्यवसायाची रीतही पाहिली पाहिजे. १९६१ च्या प्रारंभापर्यंत इंग्लंडमध्ये खेळाडूला आठवड्यास २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास नियमानेच बंदी होती. मुदत संपलेल्या खेळाडूलाही क्लब अडकवून ठेवू शकत असे. खेळाडूंच्या संघटनेने संपाची तयारी केली तेव्हा वेतनाची मर्यादा उठली, आणि अडकवून ठेवण्याच्या रीतीला १९६३ मध्ये न्यायालयाच्या निकालाने धक्का बसला. तरीही खेळाडूची नाडी क्लबच्या हाती होतीच. मूरचा वेस्ट हॅमशी असलेला करार ३० जून १९६६ रोजी संपला. त्याला अन्यत्र जावयाचे होते, म्हणून त्याने नव्या करारावर सही केलेली नव्हती. विश्वचषकाची स्पर्धा ११ जुलैस सुरू व्हावयाची होती, आणि कोणत्याही क्लबशी बांधलेला नसलेला खेळाडू नियमाप्रमाणे इंग्लंडकडून खेळू शकत नव्हता! अखेर राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक आल्फ रॅम्झी यांनी मध्ये पडून त्याची क्लबच्या व्यवस्थापकांशी गाठ घालून दिली आणि मूरने केवळ एका महिन्याचा करार केला. इंग्लंडच्या सर्वांत मोठ्या विजयाचा नायक असा महिन्याच्या बोलीवर मैदानात उतरला होता.

त्या स्पर्धेतील पहिल्या चार सामन्यांत इंग्लंडवर एकही गोल झाला नाही. उरुग्वे, मेक्सिको, फ्रान्स, अर्जेंटिना, सारे रिकाम्या हाताने परतले. उपांत्य सामन्यात पोर्तुगालच्या युसेबिओने पेनल्टीवर एक गोल केला, तेवढाच. ३० जुलैच्या अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीने प्रथम गोल केला. थोड्याच वेळाने मूरला पाडल्याबद्दल फ्री किक मिळाली. जर्मन खेळाडू सावध होण्यापूर्वीच त्याने उठून चेंडू जेफ हर्स्टकडे उचलून दिला आणि बरोबरी झाली. जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी इंग्लंड ३-२ असे पुढे असताना चेंडू पुन्हा मूरच्या पायाशी आला. चेंडू प्रेक्षकांत उडवून दे, म्हणून सोबती ओरडत होता. मूरने मान वर केली, पाहिले, आणि दूरवर धावणाऱ्या हर्स्टकडे तो सरळ पोचविला. चौथा गोल झाला. राणीच्या हातून चषक घेण्यास जाताना आपले हात मळले आहेत, तिचे हातमोजे मात्र शुभ्र आहेत, हे ध्यानी येताच त्याने हात पुसून घेतले. शिखरावर पोचल्यावरही भान न सुटणे, हाच त्याचा खरा गुण होता.

१९७० च्या विश्वचषकापूर्वी कोलंबियातील बोगोटा येथे एका दुकानातून कंकण चोरल्याचा आळ त्याच्यावर आला. काही दिवस त्याला नजरकैदेत काढावे लागले. हा आरोप कधीच सिद्ध झाला नाही. तेथून सुटून तो मेक्सिकोला पोचला आणि ७ जूनला ब्राझीलविरुद्ध त्याने जो खेळ केला, तो बचावकलेचा नमुना म्हणून आजही दाखविला जातो. इंग्लंड एका गोलाने हरले. पण सामना संपताच पेलेने येऊन मूरशी आपला सदरा बदलला.

तीन वर्षांनी, ६ जून १९७३ रोजी, पोलंडमध्ये मूरच्या पायातून चेंडू निसटला, लुबान्स्कीने तो हिरावून गोल केला आणि इंग्लंडचा पराभव झाला. परतीच्या सामन्यात त्याला वगळण्यात आले. त्या सामन्यात बरोबरी झाली आणि विश्वचषकाचे द्वार इंग्लंडला बंद झाले. नोव्हेंबरमध्ये इटलीविरुद्ध तो शेवटचा खेळला. १०८ सामने, त्यांपैकी ९० संघनायक म्हणून. तरीही त्या एका निसटलेल्या चेंडूचे स्मरण लोकांना वारंवार होई. १९७४ मध्ये तो फुलहॅमकडे गेला आणि १९७५ च्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात त्याची गाठ पडली ती वेस्ट हॅमशीच. जुन्या घराकडून फुलहॅमचा २-० असा पराभव झाला. पुढे अमेरिकेत आणि डेन्मार्कमध्येही तो खेळला.

निवृत्तीनंतर देशाच्या फुटबॉलमध्ये त्याला साजेसे असे काम कोणी दिले नाही. साउथएंड या लहानशा क्लबाचे व्यवस्थापकपद १९८४ ते १९८६ पर्यंत त्याने सांभाळले. नंतर तो लंडनच्या एका नभोवाणी केंद्रावरून सामन्यांचे समालोचन करू लागला. १४ फेब्रुवारी १९९३ रोजी त्याने आपल्याला कर्करोग असल्याचे जाहीर केले. तीनच दिवसांनी सान मारिनोविरुद्धच्या सामन्याचे वर्णन करण्यास तो वेम्बलीत आपल्या जागी हजर होता. २४ फेब्रुवारीस, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, त्याचे देहावसान झाले.

मग सन्मान आले. वेस्टमिन्स्टर ॲबेत त्याच्यासाठी स्मरणप्रार्थना झाली. २००७ मध्ये नव्या वेम्बलीच्या दारी त्याचा पुतळा उभा राहिला. २००८ मध्ये वेस्ट हॅमने त्याचा ६ हा क्रमांक कायमचा राखून ठेवला. वेम्बलीत शिरणारा प्रेक्षक आज त्या पुतळ्यापाशी क्षणभर थांबतो. परंतु जिवंतपणी तोच माणूस त्याच मैदानाच्या समालोचन-कक्षात बसून इतरांचे गोल लोकांना सांगत होता, तेव्हा त्याच्या अनुभवाचा उपयोग करून घ्यावा असे देशाच्या फुटबॉल-धुरीणांना सुचले नाही. संकट टळल्यावर टाळणाऱ्याची आठवण राहत नाही. रखवालदार, परिचारिका, रेल्वेचा सांधेवाला यांच्याही वाट्याला हेच येते. सामना पाहताना चेंडूबरोबर धावणारी आपली नजर अधूनमधून मागे, बचावफळीकडे वळली, तर अशा माणसांचे मोल ते हयात असतानाच आपल्याला कळू लागेल.