‘शेप’, ‘फॉर्म’ आणि कणकेचा गोळा

इंग्रजीच्या शिक्षकाला विद्यार्थी जे प्रश्न विचारतात, त्यांतले कठीण प्रश्न बहुधा अगदी सोप्या शब्दांविषयीचे असतात. ‘शेप’ म्हणजे आकार आणि ‘फॉर्म’ म्हणजेही आकारच, तर मग शब्द दोन कशाला, असे मला एकदा वर्गात एका मुलाने विचारले होते. प्रश्न रास्त होता. भोपळ्याला ‘शेप’ असतो, पण सुनीताला, म्हणजे त्या चौदा ओळींच्या कवितेला, ‘फॉर्म’ असतो. फलंदाज ‘फॉर्मात’ येतो आणि कचेरीत खिडकीपुढे उभे राहून आपण भरतो तोही ‘फॉर्म’च! याचा उलगडा व्याकरणाने होत नाही. त्यासाठी इंग्लंडच्या इतिहासात शिरावे लागते.

‘शेप’ हा इंग्रजांच्या घरचा अस्सल जुना शब्द. आज तो वस्तूच्या कडांपुरता उरला आहे. परंतु हजार-बाराशे वर्षांपूर्वी त्याचा थाट काही निराळाच होता. त्याच्या मूळ धातूचा अर्थ ‘निर्माण करणे’ असा होता. त्या धातूपासून झालेल्या नामाने सृष्टी, सृष्टीतला जीव, त्याचे रूप, इतकेच काय, त्याचे विधिलिखितही सांगितले जाई. आणि हे सारे ज्याने घडविले तो परमेश्वर म्हणजे ‘श्युप्पेंड’, घडविणारा. उत्तर इंग्लंडात व्हिटबी येथे हिल्ड नावाच्या साध्वीचा मठ होता. सातव्या शतकात तेथे गुरे राखणाऱ्या कॅडमनला स्वप्नात कवित्व स्फुरले, अशी कथा बीड या इतिहासकाराने ७३१ साली पुऱ्या केलेल्या आपल्या ग्रंथात सांगितली आहे. ते स्तोत्र अवघे नऊ ओळींचे. इंग्रजी कवितेचा इतिहास सांगणारे बहुधा तेथूनच आरंभ करतात. आणि त्या नऊ ओळींत देवाला जी नावे दिली आहेत, त्यांत हे ‘घडविणारा’ नाव आहे.

मग १०६६ साल उजाडले. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडच्या गादीवर बसला. दरबारात आणि सरदारांच्या वाड्यांत फ्रेंच भाषा आली. धर्मपीठाची लॅटिन होतीच. इंग्रजी राहिली शेतावर, गोठ्यात आणि चुलीपाशी. फ्रेंचांच्या सामानातून ‘फॉर्म’ आला, मागोमाग ‘क्रिएटर’ आला, चौदाव्या शतकाच्या अखेरीस ‘क्रिएट’ही रुळू लागला, आणि ‘श्युप्पेंड’ भाषेतून नाहीसा झाला. विश्व निर्माण करणारा शब्द हळूहळू चपलेचा आणि टोपीचा आकार सांगू लागला. त्याच रक्ताची जर्मन भाषा पाहिली म्हणजे हे नुकसान कळते. तिच्यावर असा प्रसंग ओढवला नाही, आणि तेथे सृष्टिकर्त्याला आजही ‘श्योप्फर’ म्हणतात. मला तरी ‘शेप’ची ही पदच्युती वाचताना हळहळ वाटते.

तरीही त्याचे वंशज टिकून आहेत. ‘फ्रेंडशिप’मधल्या ‘शिप’चा जहाजाशी काही संबंध नाही, ते या ‘शेप’चेच भावंड आहे. सोळावे शतक संपता संपता डच चित्रकारांच्या बोलीतून ‘लँडस्केप’ इंग्लंडात आला, त्यातला ‘स्केप’ही याच कुळातला. जुन्या इंग्रजीत हा जोडशब्द होता, तो लोपला होता. देशोधडीला लागलेला मुलगा परदेशी पोशाख करून घरी परतावा, तसा तो चित्रांबरोबर परत आला.

आता ‘फॉर्म’. लॅटिनमधल्या ‘फोर्मा’ला रूप हा अर्थ आहे आणि साचा हाही आहे. माझ्या मते सारी गंमत या साच्यात आहे. फ्रान्समध्ये चीजला ‘फ्रोमाज’ म्हणतात आणि इटलीत ‘फोर्माज्जो’, ते साच्यात घालून थापतात म्हणून! साचा आला की एकासारखे एक नग आले, नगांबरोबर नियम आला, रीत आली. ‘फॉर्म्युला’ म्हणजे शब्दशः लहानसा साचा. ‘युनिफॉर्म’ म्हणजे सगळ्यांना एकच साचा. अर्जदार राव असो वा रंक, कचेरीतल्या फॉर्मातल्या रिकाम्या जागा त्याच. छापखान्यात खिळे जुळवून चौकटीत घट्ट आवळलेली पाने, तीही ‘फॉर्म’. आपले छापखानेवाले त्याला ‘फर्मा’ म्हणत. खिळे गेले, पण अंकाची पाने मोजताना हा शब्द अजून कानी पडतो. माझ्या विद्यार्थ्याला उत्तर मिळाले ते येथे. भोपळा आपल्या मनाने वाढतो, म्हणून त्याला ‘शेप’. सुनीताचा साचा कवीच्या आधीपासून तयार असतो, म्हणून त्याला ‘फॉर्म’.

सुबक साच्यातून निघालेली वस्तू देखणी असते, म्हणून लॅटिनात ‘फोर्मोसुस’ म्हणजे सुंदर. पोर्तुगीज खलाशांनी ज्या बेटाला ‘फोर्मोसा’ म्हटले, ते आजचे तैवान. ससा गवतात ज्या खळग्यात दबा धरून बसतो, त्यालाही इंग्रज ‘फॉर्म’ म्हणतात. सशाच्या अंगाचा तो साचाच की! ‘परफॉर्म’ मात्र या घरचा नव्हे. तो फ्रेंचमधल्या एका निराळ्याच शब्दापासून आला आणि ‘फॉर्म’च्या सहवासाने त्याचे तोंड बदलले.

तिसरा शब्द ‘फिगर’. तो आकृती, आकडा, मनुष्याचा बांधा, असे सारे सांगतो. त्याचे मूळ लॅटिन क्रियापद माती मळण्याचे आणि त्या मातीला घाट देण्याचे आहे. मनाने मळलेली गोष्ट ती ‘फिक्शन’. पण हे मूळ लॅटिनपाशी थांबत नाही. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्यास संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते उघड केले. पुढच्या पंडितांनी ध्वनींचे नियम बसविले तेव्हा दिसून आले की आपल्या ‘धूम’मधल्या ‘ध’च्या जागी लॅटिनात ‘फ’ येतो, ‘फूमुस’. त्याच वाटेने गेले तर लॅटिनमधल्या त्या माती मळण्याचे भावंड संस्कृतात सापडते ते ‘दिह्’, म्हणजे लिंपणे. आणि त्यापासून झालेला शब्द कोणता? ‘देह’! लिंपून, थापून घडविलेला तो देह.

इंग्रजांच्या स्वयंपाकघरात हाच धातू ‘डो’ म्हणून बसला आहे, म्हणजे मळलेली कणीक. ‘लेडी’ हा भारदस्त शब्द मुळात ‘पाव मळणारी’ असा होता, आणि तिचा ‘लॉर्ड’ म्हणजे पावाचा राखणदार. घरोघरी कणीक तिंबणाऱ्या आमच्या भगिनींनी हे अवश्य ध्यानात ठेवावे, आणि घरच्या ‘लॉर्डां’नाही ऐकवावे. ‘डेअरी’तही पूर्वी दूध नव्हते, मळणारी दासी होती. इराणात ‘परि’ म्हणजे सभोवती आणि ‘दएझ’ म्हणजे मातीची भिंत. अशा भिंतीने वेढलेल्या राजांच्या उपवनांना ग्रीकांनी ‘पारादेइसोस’ म्हटले, आणि त्याचा इंग्रजीत ‘पॅरडाइस’ झाला. स्वर्ग, शरीर आणि कणीक एका हाताने मळलेली निघावी, हे मला कोणत्याही कादंबरीपेक्षा नवलाचे वाटते.

इंग्रजी कोशात आकाराचा एक शब्द तर थेट आपल्याकडचाच आहे. ‘रूप’ या शब्दापासून ‘रूप्य’ कोणत्या अर्थांनी होते, ते पाणिनीने एका सूत्रात सांगून ठेवले आहे. अर्थ दोन: ठसा मारलेले, आणि रूपाने प्रशंसा करावी असे. साचा आणि सौंदर्य ही लॅटिन ‘फोर्मा’ची जोडी येथेही एकत्र नांदते. ठसा मारलेल्या त्या नाण्याचे नाव शेरशहाने १५४० ते १५४५ या आपल्या राजवटीत चांदीच्या नव्या नाण्याला दिले. सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतले इंग्रज व्यापारी त्याच नाण्यांत हिशेब करीत आणि त्याला ‘रुपी’ म्हणत. त्यांच्या कोशात तो आजही आहे, आणि आपल्या खिशातल्या नाण्यावर, ठशासकट, आपल्याही.