फाळक्यांच्या घरची चूल

एखाद्या कलावंताचें चरित्र सांगतांना त्याच्या घरांतील चुलीकडे सहसा कोणी पाहात नाहीं. धुंडिराज गोविंद तथा दादासाहेब फाळके यांच्या चरित्रांतून मात्र ती चूल वगळतां येत नाहीं.

फाळक्यांची पहिली पत्नी व मूल हीं प्लेगांत गेलीं. पुढें १९०२ सालीं सरस्वतीबाईंशीं त्यांचा विवाह झाला. मुंबईस ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहून त्यांना चित्रपटाचा ध्यास लागला, तेव्हां ते चाळिशीला पोंचले होते आणि पदरीं लहान मुलें होतीं. अशा वयांत शहाणा गृहस्थ नोकरी धरून बसतो. फाळक्यांनीं विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ सालीं लंडन गांठलें! मुलांच्या उद्यांसाठीं राखलेला पैसा तो. त्यावर हात टाकण्याचा अधिकार बापाला असतो काय, हा प्रश्न आजही विचारण्याजोगा आहे. पत्नीचे दागिनेही पुढें त्याच वाटेनें गेले.

लंडनहून कॅमेरा आला आणि दादरच्या राहत्या घराचाच कारखाना झाला. कोऱ्या फिल्मला तेव्हां कडेनें भोकें पाडलेलीं नसत. तीं यंत्रानें पाडण्याचें काम, दिवसभराचा स्वयंपाक उरकल्यावर, सरस्वतीबाई अंधारांत बसून करीत. रसायनें कालवणें, फिल्म धुणें, चित्रणाच्या वेळीं प्रकाश परतविण्यासाठीं पांढरी चादर धरून भर उन्हांत उभें राहणें, हेंही त्यांच्याकडेच. शिवाय साऱ्या मंडळींचीं जेवणें होतींच. कला आणि संसार यांचा तोल त्या घरांत राहिला असेल, तर तो दादासाहेबांनीं नव्हे, या बाईनें राखला, असें माझें स्पष्ट मत आहे.

'राजा हरिश्चंद्र'साठीं रोहिदास मिळेना. वनवास आणि मृत्यु असलेली भूमिका आपल्या मुलाला कोण करूं देईल? शेवटीं फाळक्यांनीं आपला भालचंद्र उभा केला. पडद्यावर कां होईना, पोटच्या पोराचें मरण मांडणाऱ्या या बापानें एक अपत्य खरोखरच गमावलेलें होतें, हें विसरूं नये. ३ मे १९१३ रोजीं तो चित्रपट गिरगांवांत कॉरोनेशन थिएटरांत लागला.

पुढें १९१९ च्या 'कालियामर्दना'त कन्या मंदाकिनी कृष्ण झाली. या चित्रपटाचा बराच भाग सुदैवानें शिल्लक आहे. आरंभीं ती केवळ एक लहान मुलगी म्हणून दिसते, एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखविते, आणि मग प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो.